दुसरी किल्ली कोणाकडे?

गेल्या महिन्यात दांडिया बाजारात एका चर्चेला गेले होते. विषय नेहमीचा: मुलं परदेशात, आईवडील बडोद्यात. दोन तास दोन बाजू एकमेकींवर तुटून पडल्या. एक म्हणे, संस्कार कमी पडले, मुलांनी परत यायला हवं. दुसरी म्हणे, भावनेत अडकू नका, चांगल्या सोयींचे वृद्धाश्रम बांधा आणि तिथे जाण्यात कमीपणा मानू नका. बोलणारे बहुतेक पन्नाशीचे, समोर ऐकत बसलेले सत्तरीच्या पुढचे. शेवटी तिसऱ्या रांगेतल्या एक बाई काठीवर भार देऊन उठल्या. म्हणाल्या, "मला मुलाकडे जायचं नाही आणि आश्रमातही जायचं नाही. माझ्याच घरात राहायचंय. एवढंच सांगा, रात्री मोरीत पाय घसरून पडले तर दार कोण उघडणार?" व्यासपीठावर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षं असाच चाललाय आणि मला तो मुळातच चुकीच्या प्रश्नावर चाललाय असं वाटतं. म्हातारपण म्हणजे मुलगा की आश्रम, असा हिशोब आपण मांडून ठेवलाय. या दोन टोकांच्या मधली गल्ली, सोसायटी, ज्या पन्नास-शंभर घरांच्या शेजारात माणूस आयुष्याची चाळीस वर्षं काढतो, ती या हिशोबात कुठेच येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. म्हाताऱ्या माणसांना स्वतःच्या घरात नीट राहता यावं, हे काम गल्लीने उचलावं. पण 'शेजारधर्म आहे, होईल आपोआप' म्हणून सोडून देऊ नये. कोणाला काय लागतं याची वही घालावी, माणूस नेमावा, पैसे उभे करावेत, आणि त्या पैशांतला वाटा महापालिकेकडून आणि राज्याकडून हक्काने मागावा.

कायदासुद्धा याच दोन टोकांवर उभा आहे. 2007 च्या आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाच्या कायद्याने एकीकडे मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्याची सोय केली, दुसरीकडे सुरुवातीला जिल्ह्याला निदान एक, कमीत कमी दीडशे निराधार ज्येष्ठांचा वृद्धाश्रम उभारावा असं म्हटलं. आता आकडा लावून बघा. 2011 च्या जनगणनेत बडोदं शहर होतं पावणेसतरा लाखांच्या आसपास, आणि देशात साठीच्या वरच्या लोकांचं प्रमाण होतं 8.6 टक्के. तेच प्रमाण शहराला लावलं तर सुमारे 1 लाख 40 हजार माणसं होतात. आज ती नक्कीच जास्त असतील. दीडशेच्या जागी पंधराशे खाटा केल्या तरी शंभरातल्या नव्याण्णव जणांना म्हातारपण घरातच काढायचं आहे. मग आपण वाद घालतो तो कोणाबद्दल?

ऑगस्ट 2024 च्या शेवटी विश्वामित्रीने शहर बुडवलं. नदी पस्तीस फुटांच्या वर गेली, लष्कर बोलवावं लागलं, मगरी वस्तीत शिरल्या. आमच्या गल्लीत तळमजल्यावर एक काकू एकट्या राहतात. वय ब्याऐंशी, मुलगा टोरांटोला. सकाळी पाणी त्यांच्या तिसऱ्या पायरीला लागलं, रस्त्यावर कमरेएवढं झालं, तेव्हा समोरच्या इमारतीतले तिघं जण गेले, काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून आमच्या घरी पहिल्या मजल्यावर आणलं. त्या तिघांतल्या एकाशी काकूंचं गाडी लावण्यावरून वर्षभर बोलणं नव्हतं. त्या दिवशी ते कोणाच्या मनातही आलं नाही. माणुसकीची चणचण आमच्या गल्लीत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. चणचण कशाची आहे ते दुपारी कळलं. काकू थरथरायला लागल्या, घामाने भिजल्या, काहीतरी असंबद्ध बोलायला लागल्या. घाबरल्या असतील म्हणून आम्ही पांघरूण घातलं, पाठीवरून हात फिरवला. वरच्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी खाली आली, तिच्या आजोबांना साखर होती, तिने एका नजरेत ओळखलं. काकूंनी सकाळी इन्सुलिन टोचून घेतलं होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. साखरेचं पाणी पाजल्यावर वीस मिनिटांनी त्यांनी मला नावाने हाक मारली. दहा वर्षं शेजारी राहून काकूंना इन्सुलिन लागतं हे आम्हां कोणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या मुलाचा नंबर आमच्याकडे नव्हता. त्यांचा फोन भिजून बंद पडलेला. मुलगा तिकडून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिंग देत होता.

पुढचा महिनाभर काकूंकडे रोज कोणाच्या ना कोणाच्या घरून ताट जात होतं. नवरात्रात ते कमी झालं, दिवाळीनंतर थांबलं. कोणी ठरवून थांबवलं नाही. प्रत्येकाला वाटलं, दुसरं कोणी तरी जात असेल.

इथे कोणीतरी हटकून म्हणतं, पूर्वी असं नव्हतं. पोळीत (पोळ म्हणजे आपल्याकडची जुनी, दाट घरांची गल्ली), वाड्यात कोणाला काही सांगावं लागत नसे. मीही पोळीतच वाढले, त्यामुळे ते चित्र मला आवडतं आणि म्हणूनच त्यावर बोलायला हवं. पूर्वीचा शेजार आपोआप चालत नव्हता. त्याला बांधून ठेवणारी रचना होती. चौक एक, नळ एक, संडासाची वाट एक. सकाळी आठपर्यंत आजोबा तोंड धुवायला आले नाहीत तर ते कोणाच्या तरी लक्षात यायचंच. ओट्यावर बसलेली म्हातारी म्हणजे पोळीचं हजेरीपुस्तक होतं. फ्लॅटमध्ये आलो, दारं बंद झाली, नळ आत आला, आणि ते हजेरीपुस्तक गेलं. त्याच्या जागी आपण दुसरं काही ठेवलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. त्या काळात आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढायचं कोण? अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची चादर बदलायचं कोण? सून, नाहीतर घरात राहिलेली विधवा आत्या, नाहीतर लग्न न झालेली बहीण. माझ्या आजीने बारा वर्षं सासूचं केलं आणि त्या बारा वर्षांत ती एकदाही माहेरी मुक्कामाला गेली नाही. 'संस्कार कमी पडले' म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुम्हांला परत हवेत ते संस्कार की त्या बाया? कारण ज्याला आपण कुटुंबाची माया म्हणतो, तिच्यातला मोठा भाग बिनपगारी आणि बिनसुट्टीची नोकरी होती, आणि ती करणारीला कोणी विचारलेलं नव्हतं. म्हणून गल्लीच्या नव्या व्यवस्थेबद्दल बायकांना धास्ती वाटते ती मला रास्त वाटते. मंडळाच्या सभेत पुरुष बसणार आणि डबा पोचवायला आम्ही, असंच होणार असेल तर ही व्यवस्था न झालेली बरी. यावर तोड एकच आहे. कामं नावानिशी वाटून लिहायची, आणि अंघोळ घालणं, कपडे बदलणं, रात्री सोबत झोपणं ही कामं स्वयंसेवकांना द्यायचीच नाहीत. ती पगारी कामं आहेत. ती करणाऱ्या आयाबाईला ठरलेले पैसे, ठरलेली सुट्टी आणि रात्री झोपायला नीट जागा मिळायला हवी. स्मृतिभ्रंश पुढे गेलेला असेल, माणूस पूर्ण अंथरुणावर असेल, तर शेजाऱ्यांच्या भरवशावर घरी ठेवू नये, हेही मी मान्य करते. तिथे चांगल्या संस्थेची गरज आहेच.

मग शेजाऱ्याने करायचं काय? पुष्कळ. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो. 2014 पासून तो घरबसल्या डिजिटल देता येतो, पण सत्तरीनंतर बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही, आणि चेहरा दाखवून दाखला द्यायचा तर मोबाइल कोण धरणार? बँकेची केवायसी, गॅसच्या बुकिंगचा ओटीपी, ट्यूबलाइट, तपासणीला रिक्षात सोबत, डॉक्टर काय म्हणाले ते कागदावर उतरवणं. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीवरच्या प्रत्येकाला आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंतचा उपचार आहे, मोठी सोय आहे. पण ती सुरू होते रुग्णालयात दाखल झाल्यावर. पडलेल्या माणसाला तिथवर नेईपर्यंतचा तास कोणाचा? 14567 ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. तीही उपयोगाची, पण फोनपर्यंत हात पोचला तर.

या विचाराला विरोध करणारे सगळेच बिनबुडाचं बोलत नाहीत. त्यांतला सगळ्यांत वजनदार आक्षेप माझ्या एका मित्राचा. तो कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस आहे. त्याचं म्हणणं, शेजाऱ्यांनी काम उचललं की सरकार हात झटकतं. साठ ते एकोणऐंशी वयाच्या दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला केंद्र सरकार पेन्शन म्हणून महिन्याला 200 रुपये देतं, ऐंशीनंतर 500. 'तुम्ही आणखी डबे पोचवा, म्हणजे हे दोनशे दोनशेच राहतील,' असं तो म्हणतो. हा राग खरा आहे, आणि दोनशे रुपये ही लाजेचीच गोष्ट आहे. पण लोकांनी काम सुरू केलं म्हणून सरकार मागे गेलं, असं होतंच का? केरळात उलटं झालं. 1993 मध्ये कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात काही डॉक्टरांनी असाध्य दुखण्याच्या रुग्णांसाठी वेदनाशमनाचं केंद्र काढलं. ज्यांना गरज सर्वांत जास्त ते केंद्रापर्यंत येऊच शकत नाहीत, हे थोड्याच दिवसांत लक्षात आलं. मग मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या लोकांना हाताशी धरून घरोघर जाणारं जाळं उभं राहिलं. आठवड्याला निदान दोन तास देईल त्याला प्रशिक्षण, वर्गणी छोटी छोटी, अगदी दुकानात ठेवलेल्या डब्यातली. गावोगाव लोक याच कामात दिसायला लागले तेव्हा राज्याला नजर फिरवणं अवघड झालं. 2008 मध्ये केरळने यासाठी धोरण केलं, असं धोरण करणारं ते देशातलं पहिलं राज्य, आणि पंचायतींनी घरोघर जाणाऱ्या नर्सेस नेमल्या. सरकारला आणलं ते लोकांनी. ज्या गावात लोक नुसते वाट बघत बसले तिथे कोण आलं?

आणि केरळ कशाला, बडोद्याला तर हे शिकवावंच लागू नये. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांची घडी बसवली, हे आपण दर जयंतीला सांगतो. त्याच्या मागचा हिशोब मात्र कोणी सांगत नाही. गावाला वाचनालय हवं असेल तर गावाने आधी वर्गणी काढायची. गावाने जेवढी काढली तेवढी प्रांत पंचायतीने घालायची, आणि तेवढीच दरबाराने. तीन वाटे. महाराज तिजोरीतून एकदम सगळं देऊ शकले नसते असं नाही. पण वर्गणी काढलेलं गाव वाचनालयाला स्वतःचं समजतं आणि वाटा दिलेला दरबार ते वाऱ्यावर सोडू शकत नाही, हे त्या व्यवस्थेत होतं. शंभर वर्षांनी आपल्याला म्हाताऱ्या माणसांसाठी याहून चांगली रीत सुचलेली नाही. दीडशे घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर पंधरा हजार होतात. तेवढेच महापालिकेने आणि तेवढेच राज्याने घातले तर पंचेचाळीस हजार. त्यात एक पूर्णवेळ समन्वयक आणि आठवड्यातून दोन दिवस फेरी मारणारी नर्स बसते. तांदळज्याच्या किंवा वाडीच्या ज्या वस्तीला शंभर रुपये जड जातात, तिथला वाटा तासांच्या रूपाने घ्यावा आणि बाकीचे दोन वाटे वाढवावेत.

हे वस्तीचं मी मुद्दाम काढलं, कारण दुसरा मोठा आक्षेप तोच आहे. अमेरिकेत बॉस्टनच्या बीकन हिल भागातल्या वयस्क रहिवाशांनी 1999 मध्ये अशी बोलणी सुरू केली आणि 2002 मध्ये त्यांचं 'व्हिलेज' चालू झालं. सभासद वर्गणी भरतात, थोडे पगारी लोक, बाकी स्वयंसेवक, सुतार-प्लंबरपासून सोबतीपर्यंत सगळं एका फोनवर. बघता बघता त्या देशात अशी दोनशेच्या वर 'व्हिलेज' झाली. पण त्यांचे सभासद बहुतेक गोरे, शिकलेले, खाऊनपिऊन सुखी. आपल्या सुखवस्तू अलकापुरीत आणि अकोट्यात जमेल, पण इतरत्र काय, असं कोणी विचारलं तर त्याला खोडून काढता येत नाही. म्हणूनच वर्गणीवरच सगळं उभं करू नये. आणखी एक गोष्ट आपल्या मराठी लोकांसाठी. आपण बडोद्यात मंडळं छान चालवतो, म्हणून हे कामही 'आपल्या माणसांसाठी' करू, असा मोह होईल. तो टाळलाच पाहिजे. काकूंना खुर्चीतून उचलणाऱ्या तिघांत एक पटेल होते आणि एक शेख. पूर आला तेव्हा कारेलीबागेतल्या मंडळाचा सभासद कामाला येणार नव्हता, पलीकडच्या जिन्यावरचा माणूसच येणार होता. हे जाळं जातीभाषेवर विणलं तर ज्या घराला सगळ्यांत जास्त गरज आहे तेच नेमकं गळेल.

स्वयंसेवक टिकत नाहीत, हा आक्षेप मी आमच्याच दिवाळीवरून मान्य केलेला आहे. पण तो उत्साहाच्या भरवशावर चालणाऱ्या कामाला लागू होतो. केरळातली दोन तासांची अट आणि बॉस्टनमधलं पगारी ऑफिस ही दोन्ही उत्तरं याच दुखण्यावरची आहेत. माणसाला थोडंच पण ठरलेलं मागा, आणि तो आला नाही तर फोन करणारी एक पगारी व्यक्ती ठेवा. चोरीमारीची भीती असते, तिलाही उत्तर आहे. किल्ली एका घरी कधीच ठेवू नये, दोन घरी ठेवावी आणि कोणी कधी वापरली ते वहीत लिहावं. पैशांना आणि कागदपत्रांना स्वयंसेवकाने एकट्याने हात लावू नये. 2007 च्या त्याच कायद्याखाली केंद्राने राज्यांना जे नमुना नियम दिले, त्यांत प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकटे राहणाऱ्यांची, यादी ठेवावी, महिन्यातून निदान एकदा समाजसेवक किंवा स्वयंसेवकाला घेऊन त्यांच्या घरी जावं, आणि ठाण्यागणिक स्वयंसेवकांची समिती करावी, असं लिहिलेलं आहे. संस्कारांवर दोन तास बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या ठाण्यात जाऊन ती यादी मागितली?

आमच्या गल्लीने गेल्या पावसाळ्यात वही घातली. चौसष्ट घरं, साठीवरची एकोणीस माणसं, त्यांतली सहा एकटी. घरामागे दीडशे रुपये. पोळीभाजी केंद्रात काम करणारी एक मुलगी दुपारी चार तास समन्वयक म्हणून येते. महापालिकेकडे आमचा अर्ज गेलाय, उत्तर यायचंय, आम्ही दर पंधरवड्याला जाऊन विचारतो. काकूंचं पान मी स्वतः लिहिलं: इन्सुलिन फ्रिजच्या दारात वरच्या कप्प्यात, सकाळी साडेसात, खाल्ल्याशिवाय बाहेर पडू द्यायचं नाही, मुलाचा नंबर, सुनेचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, किल्ली पटेलांकडे आणि आमच्याकडे.

पान लिहून झाल्यावर काकूंनी वही ओढून घेतली आणि विचारलं, "आणि माझं काम कुठे लिहिलंस?" मी गप्प झाले, कारण ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता सकाळी आठ वाजता बाकीच्या पाच एकट्या घरांना फोन करायचं काम त्यांचं आहे. मागच्या गुरुवारी तिसऱ्या घरातून फोन उचलला गेला नाही. काकूंनी दोनदा लावला, मग पटेलांच्या मुलाला किल्ली घेऊन पाठवलं. आजोबा दात घासत होते, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. त्यांनी त्या मुलाला चहा करून पाजला. काकूंनी आपल्या हाताने वहीत वेळ टाकली, आठ वाजून चौदा मिनिटं, आणि चौथा नंबर फिरवला.